कुऱ्हाडीची निगा आणि जप्तीचा कागद
(परळच्या मुक्कामी गावोगावच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मोर्चासाठी आपण मुंबईत आलोय. मुक्काम परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत. कुऱ्हाडी घरी ठेवून आलोय, तरी आज बोलायचंय ते कुऱ्हाडीवरच.

ह्या परळ-लालबागकडून एक गोष्ट शिकून घेऊ. गिरणीतला साचा मालकाचा, कामगाराचे फक्त हात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्या बंद राहिल्या. साचा काही कामगाराला घरी नेता येत नव्हता. आपली कुऱ्हाड मात्र आपली आहे. म्हणून तिची निगा आपणच राखायची, आणि ती कुणी उचलून नेली तर गप्प बसायचं नाही.

आधी धार. बोथट कुऱ्हाड लाकडावरून निसटते नि पायावर येते. इथं दादर-गिरगावच्या बाजारात चाकावर सुऱ्यांना धार लावून देतात, ठिणग्या उडतात. कुऱ्हाड तशा कोरड्या चाकावर दाबून धरू नका. धार तापून निळी पडली की लोहारानं दिलेलं पाणी उतरतं, पोलाद मऊ होतं. त्यापेक्षा कानस घ्या. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत मिळते, पाड्यात चौघांत एक पुरे. पातं पक्कं धरा. कानस पुढे लोटताना जोर द्या, मागे घेताना उचला. दोन्ही बाजूंना सारखेच हात. मग ओल्या निसण्यावर घासा, बोटाला खरखर लागेनाशी होईपर्यंत. मोठी खाच पडली असेल तर लोहाराकडंच न्या.

दांडा धावड्याचा, सरळ रेषेचा. हलायला लागला तर सुक्या लाकडाची पाचर मारा. कुऱ्हाड चुलीजवळ ठेवू नका, दांडा आकसून पातं ढिलं होतं. पावसाळ्यात पात्याला तेलाचा हात लावा.

आता दुसरी गोष्ट. १९२७ च्या जंगल कायद्यात कलम ५२ आहे. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार, गाडी, बैल जप्त करता येतात. पण त्याच कलमात लिहिलंय की जप्त मालावर खूण करायची आणि जप्तीचा रिपोर्ट वर पाठवायचा. गार्डानं नुसतं 'ठेव इथं' म्हणून कुऱ्हाड नेली, तर ती कायद्याची रीत नव्हे. पंचनाम्याची नक्कल मागा. दिवस, जागा, गार्डाचं नाव लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. दांड्यावर आपली खूण आत्ताच कोरून ठेवा, म्हणजे पुढं ओळख पटवता येईल. कचेरीत एकट्यानं जायचं नाही, चौघं-पाच जण मिळून जायचं.

गावी गेल्यावर हे बैठकीत वाचून दाखवा. आजवर किती कुऱ्हाडी कागदाविना गेल्या, त्याची यादी प्रत्येक पाड्यानं पुढच्या बैठकीला आणायची. ती यादी घेऊन आपण सगळे मिळून कचेरीत जाऊ.

जिंदाबाद!