आजारातून उठलेल्याला सोबत हवी
(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर बहुधा गुणांची, शिष्यवृत्त्यांची आणि नोकऱ्यांची चर्चा होते. ती झालीच पाहिजे. परंतु शिकून-सवरून नोकरीला लागलेला मुलगा एके दिवशी मनाने कोलमडतो, चार-सहा महिने औषधोपचार घेऊन सावरतो आणि कामावर परत जायच्या दिवशी मात्र उंबऱ्यावरच थबकतो. त्याचे पुढे काय, यावर आपण घरातसुद्धा बोलत नाही. आज मला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांमागे सुमारे दहा जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांविना होते. डॉक्टर दूर असतो, खर्च परवडत नाही, ही कारणे खरीच. पण त्यांच्या जोडीला ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती असते. मुलीचे लग्न जमायचे आहे, मुलाची नोकरी टिकायची आहे, म्हणून आजार झाकला जातो. आणि झाकलेला आजार आतल्या आत वाढतो.

डॉक्टरांच्या औषधाने झोप लागते, भास थांबतात, उदासी ओसरते. ज्याला औषधाची गरज आहे त्याने ते मनाने बंद करता कामा नये. पण ‘मी पुन्हा चारचौघांत कसा बसू? साहेबांना काय सांगू?’ या प्रश्नांची उत्तरे गोळीत नसतात. ती त्याच वाटेने जाऊन आलेल्या माणसाकडे असतात. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो ते उगीच नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातच याचा दाखला आहे. १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे कार्यकर्ते झाली आणि नव्याने येणाऱ्यांना धीर देऊ लागली. ‘मीही तुझ्यासारखाच होतो’ हे वाक्य शंभर उपदेशांना भारी पडते. पुण्यातच १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. कॅनडात प्राध्यापक राहिलेले जगन्नाथ वाणी हे तिचे संस्थापक. तेथे रुग्ण आणि त्यांचे आप्त स्वमदत गटात एकत्र बसतात. गुजरातेत २०१४ ते २०१६ या काळात सरकारी मानसोपचार केंद्रांत आजार अनुभवलेल्या व्यक्तींना शिकवून तयार करण्यात आले आणि अशा समदुःख्यांचे गट उभे राहिले.

या सोबतीची शिस्त मात्र समजून घेतली पाहिजे. सोबती हा डॉक्टर नव्हे; औषध वाढव किंवा सोड, असे त्याने सांगू नये. त्याने आधी ऐकावे, स्वतःचा अनुभव गरजेपुरताच सांगावा, आणि ऐकलेले चव्हाट्यावर मांडू नये. या गुप्ततेला एक अपवाद आहे. समोरचा माणूस जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला, तर ते पोटात ठेवू नये. त्याला एकटे न सोडता घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवावे. १४४१६ हा सरकारी टेलिमानस सेवेचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. तो वहीत लिहून ठेवा.

आता कामाच्या जागेकडे वळू. कामावर परतलेल्या माणसाच्या अडचणी साध्या असतात. काही औषधांनी सकाळी गुंगी राहते, रात्रपाळीने झोप मोडते आणि झोप मोडली की काही आजार पुन्हा डोके वर काढतात. पहिल्या दिवसापासून पूर्वीइतके काम ओढणे जमत नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने काही काळ दिवसपाळी मागावी, काम हळूहळू वाढवावे. साऱ्या ऑफिसला आजार सांगत बसायची गरज नाही. परंतु विश्वासाचा एक सहकारी असावा. त्याने रोज ‘आता बरा आहेस ना?’ असे विचारून भंडावू नये. जेवणाच्या सुट्टीत डबा त्याच्या शेजारी उघडावा, मागे कुजबुज चालली तर ती तेथेच थांबवावी, आणि पूर्वीची चिन्हे दिसू लागली तर त्याला बाजूला घेऊन सांगावे. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गंभीर मानसिक आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे बजावले आहे. पण कायदा कागदावर राहतो. त्याचा उपयोग करायला शिकलेली मुले लागतात, आणि ती तुमच्यातूनच निघायची आहेत.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाला ‘साया’ लागला म्हणून महिनोन्‌महिने फिरवू नका. उत्तर गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी हातात हात घालून काम केले. दवाही चालू, दुवाही चालू. तेथे गेलेल्या कुटुंबांना दोहोंतून एकाची निवड करावी लागली नाही. आपणही करू नये. आणि बरा झालेला मुलगा घरात असेल तर ‘पहिल्यासारखा राहिला नाही’ हे त्याच्या देखत बोलू नका.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातला एखादा सोबती अचानक गप्प झाला, येईनासा झाला, तर हजेरीत त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहून विषय संपत नाही. त्याच्या घरी जा, नोट्स पोहोचवा, दहा मिनिटे बसा. उद्या तुमच्यापैकी कोणी मुकादम, कोणी हेडमास्तर, कोणी कारखान्याचा मॅनेजर होईल. आजारातून उठलेला एखादा माणूस कामावर हजर होण्यासाठी तुमच्या टेबलापुढे उभा राहील. त्याला प्रथम बसायला खुर्ची द्या, मग कागद पाहा.