आपला बिल्ला कसला असावा?



शताब्दीनिमित्त मंडळाचा बिल्ला करायचा ठरल्यापासून ट्रुगानिनाच्या आपल्या बैठकींत एकच वाद चालू आहे. कुणाला किल्ला हवा, कुणाला ढाल-तलवार. चित्र ठरवण्याआधी पलटणींच्या बिल्ल्यांकडे एकदा बघू या, कारण बिल्ल्यांचा विचार फौजेइतका कुणीच केलेला नाही.

बिल्ल्याचे पहिले काम ओळख पटवणे. आपल्या जवळच पॉइंट कुकचा विमानतळ आहे. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाची सुरुवात तिथलीच. या दलाच्या विमानांवरील वर्तुळात पूर्वी मध्यभागी लाल ठिपका असे. १९४२ साली तो पुसला, कारण जपानी विमानांवरही लाल गोळा होता आणि आपल्याच माणसांच्या गोळ्या आपल्यावर यायची भीती होती. १९५६ पासून त्या जागी लाल कांगारू आला. आता विमान कुठल्या देशाचे हे लहान पोरही सांगते.

दुसरे काम, आपण काय करतो ते सांगणे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर बिगुल आहे. तो शिवकाळातला नव्हे, इंग्रजांच्या हलक्या पायदळाची ती खूण. हे शिपाई पांगून चपळाईने लढत, म्हणून त्यांना हुकूम बिगुलावरून मिळत. राज्य बदलले तरी बिगुल राहिला, कारण तो पलटणीने आपल्या कामाने आपलासा केला होता.

तिसरे काम, हक्क सांगणे. १८९० च्या दशकात महारांची फौजेतली भरती बंद झाली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत आणि त्यांत ‘नाक’ने संपणारी महारांची नावे बरीच आहेत. आम्ही नवे नाही, आधीही लढलो आहोत, हे त्या बिल्ल्याने न बोलता सांगितले. पुढे तिथे मशीनगन आल्या आणि स्तंभाच्या जागी कट्यार आली. पण पहिले म्हणणे मांडून झाले होते.

आता आपल्या घरचा बिल्ला. दुसऱ्या महायुद्धात मॉरिशसचे कितीतरी तरुण पायोनियर कोअरमध्ये भरती होऊन इजिप्तकडे, वाळवंटात गेले. त्या दलाच्या बिल्ल्यावर बंदूक, फावडे आणि कुदळ अशी तिन्ही हत्यारे एकत्र रचलेली होती. खाली लॅटिनमध्ये शब्द होते, अर्थ असा की श्रमाने सर्व काही जिंकता येते. आजोबांनी उसाच्या मळ्यात धरलेली कुदळ नातवाच्या टोपीवर मुकुटाखाली चमकत होती. बंदुकीच्या शेजारी ती कमीपणाची वाटली नाही.

मग आपल्यालाच का वाटावी? पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आपले पूर्वज चढले, ते तलवार उपसून नव्हे. करारावर अंगठा उठवून ते आले होते. हातात मिळाली ती कुदळ आणि कोयता. त्यांवर त्यांनी घरे बांधली, पोरे शिकवली आणि मराठी टिकवली. आपण आज मेलबर्नच्या पश्चिमेला सुखाने बसलो आहोत, ते त्याच कमाईवर.

शिवराय आपले आहेतच, त्यांची जयंती आपण थाटात करतो आणि करत राहू. पण बिल्ला म्हणजे दुसऱ्याच्या पराक्रमाची उसनी पावती नव्हे. तो आपल्या माणसांनी काय केले ते सांगतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सोळा पायऱ्या, वर उसाचे कांडे आणि त्यावर तिरकी ठेवलेली कुदळ व कोयता. मुलांनी विचारले, ‘हे काय?’, तर उत्तर द्यायला आपण आहोत. आणि ते उत्तर देताना मान खाली घालायचे काहीच कारण नाही.