सिलिंडर-हेडची सपाटी
मोटारीच्या इंजिनांतील पाणी आटलें, कीं ॲल्युमिनियमचें सिलिंडर-हेड तापून वांकतें. खालच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षां तें सुमारें दुप्पट प्रसरण पावतें, आणि बोल्ट त्याला मोकळीक देत नाहींत. मग मधलें गॅस्केट गळूं लागतें व पाणी तेलांत उतरतें.

श्रोतेहो, असें हेड मिलिंग मशीनवर सपाट करणारा कारागीर आधीं यंत्राचीच परीक्षा घेतो. पातें फिरविणाऱ्या स्पिंडलला डायल गेज लावून तो टेबलावरून वर्तुळाकार फिरवितो. ०·०१ मिलिमीटरचा फरकही कांटा दाखवितो. स्पिंडल कललेला असेल, तर पृष्ठभाग बशीसारखा खोलगट होतो. हेड आवळतांना वांकलें, तर क्लँप सोडतांच सपाटी जाते. म्हणून फटींत पातळ पत्रे सारावयाचे. एवढें झाल्यावरच हलका काप घ्यावयाचा. अधिक कापल्यास ज्वलनकक्ष लहान होतो, दाब वाढतो; आणि गेलेला धातु परत येत नाहीं.