खर्जाचा सूर

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या गायनवृंदाच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आज मला जो विषय दिला आहे, तो ऐकून आपणांपैकीं कित्येकांस आश्चर्य वाटलें असेल. सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें देवाच्या कृपेविषयीं बोलावें हें साहजिक. परंतु त्यानें बेस गिटार नांवाच्या चार तारांच्या वाद्याविषयीं बोलावें हें कांहींसें चमत्कारिक दिसतें. कारण मात्र साधें आहे. आपल्या तरुण गायकांनीं मिस्साच्या वेळीं हें वाद्य वाजविण्याची परवानगी मागितली आहे, आणि आपल्यांतील कांहीं वडीलधाऱ्या मंडळींस तें केवळ नाचगाण्याचें वाद्य वाटतें. दोन्ही पक्षांची कळकळ खरी आहे. अशा वेळीं होकार किंवा नकार देण्यापूर्वीं तें वाद्य काय आहे, त्याचा सूर कसा निघतो आणि आपल्या लोकांचा त्याच्याशीं काय संबंध आहे, हें नीट पाहावें, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतु आहे.

खर्ज हा शब्द आपणांस परका नाहीं. तंबोऱ्याच्या चार तारांपैकीं शेवटची जाड तार खर्जाची होय. गवई गावयास बसला म्हणजे श्रोत्यांचें लक्ष त्याच्या आलापांकडे व तानांकडे असतें; खर्जाच्या तारेकडे कोणी पाहत नाहीं. पण ती तार मध्येंच थांबली, तर गवयाच्या पायांखालची जमीन सरकल्यासारखें होतें. बेस गिटारीचें काम याच जातीचें आहे. भेद एवढाच कीं तंबोऱ्याचा खर्ज एका ठिकाणीं स्थिर असतो, आणि पाश्चात्य पद्धतीच्या गीतांत स्वरमेळ पावलोपावलीं बदलत असल्यामुळें तेथील खर्जासहि त्याच्याबरोबर चालावें लागतें. वरचे स्वर तेच ठेवून खालचा एक स्वर बदलला, तर साऱ्या स्वरमेळाचा अर्थ बदलतो. म्हणून हा वादक सर्वांत कमी ऐकूं येतो, आणि त्याची चूक मात्र सर्वांना बोचते.

ख्रिस्तसभेस हा खोल सूर नवीन नाहीं. मोठ्या ऑर्गनास पायांनीं वाजविण्याच्या पट्ट्या असतात व त्यांना सोळा फूट लांबीच्या नळ्या जोडलेल्या असतात. त्यांतील सर्वांत लांब नळीचा सूर सेकंदास सुमारे ३३ कंपनांचा असतो. बेस गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ कंपनें करिते. म्हणजे मोठमोठ्या मंदिरांत शतकानुशतकें जो नाद घुमत आला, त्याच प्रदेशांतला हा नाद आहे. आपल्या लहानशा बाजाच्या पेटींत तितका खोल खर्ज नाहीं. ती उणीव आपल्या गायनवृंदास जाणवावी यांत नवल नाहीं.

आतां या वाद्याचें कुळ पाहूं. पूर्वीं वाद्यवृंदांत खर्जाचें काम डबल बेस नांवाचें माणसाएवढें उंच, सारंगीसारखें उभें धरून वाजविण्याचें वाद्य करीत असे. तें नेण्याआणण्यास अवघड, आणि मोठ्या वाद्यवृंदांत त्याचा आवाज बुडून जाई. १९५१ साली अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत लिओ फेंडर या कारागिरानें विजेवर चालणारी, गिटारीसारखी आडवी धरण्याची बेस गिटार बाजारांत आणली. तिच्या दांडीवर पडदे असल्यामुळें बोट ठेवतांच स्वर अचूक लागे. म्हणूनच त्यानें तिला प्रिसिजन, म्हणजे अचूकपणा, असें नांव दिलें.

परंतु स्वर अचूक लागणें निराळें आणि सूर गोड लागणें निराळें. आपल्या संगीतशास्त्रांत नादाचे तीन गुण सांगितले आहेत: उंचनीचपणा, लहानमोठेपणा आणि जाति. एकच षड्ज बांसरींतून व तंबोऱ्यांतून निघाला तरी आपण डोळे मिटून वाद्य ओळखतों, तें या जातीमुळें. मिरजेचे तंबोरे देशभर नांवाजलेले आहेत. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनहि मिळालें. तेथील कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून घासून जवारी काढतो, आणि वादक तारेखालीं सुताचा एक धागा सरकवून ती जुळवितो. केसाएवढा धागा इकडचा तिकडे झाला कीं तारेंत प्राण येतो किंवा जातो.

बेस गिटारीची जवारी अशाच बारीकसारीक गोष्टींत आहे. तार घोडीजवळ छेडली तर सूर कडक व धारदार निघतो. दांडीच्या बाजूस छेडली तर गोल व मऊ निघतो. नखीनें वाजविलें तर आघात ऐकूं येतो, बोटाच्या मांसल टोकानें वाजविलें तर नादच ऐकूं येतो. या तारांवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. ती गोल असेल तर आवाज झणझणतो, चपटी असेल तर निवतो. नव्या तारा चकाकत्या आवाजाच्या असतात; वापरून वापरून घाम व धूळ वेटोळ्यांत बसली म्हणजे वरचे उपस्वर विरतात आणि खालचा मूळ स्वर तेवढा उरतो. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमरसन हा बेस वाजवीत असे. तो उजव्या हाताचें एकच बोट वापरी आणि जुन्या तारा सहसा बदलीत नसे. तरीहि, किंबहुना त्यामुळेंच, त्याच्या सुराची बरोबरी करण्यासाठीं जगभरचे वादक आजहि झटत आहेत. आपल्या तरुणांनीं यांतून इतकें घ्यावें कीं सूर महागड्या यंत्रांत नसून बोटांत आणि कानांत आहे.

येथें जुन्या तबकड्यांची गोष्ट सहज निघते. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशीं जुन्या ध्वनिमुद्रिका व कॅसेटी पडलेल्या असतील. त्या पुन्हां काढून ऐका, अशी माझी विनंती आहे. कारण आपण त्या पूर्वीं पुरत्या ऐकल्याच नाहींत. त्याचें कारण शास्त्रीय आहे. १९२५ सालापूर्वींचें ध्वनिमुद्रण कर्ण्यांतून होत असे, आणि खर्जाचा सूर त्यांत इतका क्षीण उमटे कीं डबल बेसच्या जागीं पुष्कळदा ट्यूबा नांवाचें फुंकण्याचें वाद्य बसवावें लागे. मायक्रोफोन आला व ही अडचण दूर होऊं लागली. १९४८ साली लाँगप्ले तबकडी निघाली, आणि तीन मिनिटांच्या जागीं एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गायन मावूं लागलें. परंतु तबकडींत सूर असला तरी घरांतल्या लहान रेडिओच्या कर्ण्यांतून तो बाहेर पडत नसे. मनुष्याचा कान मोठा चतुर. वरचे उपस्वर ऐकून तो खालचा हरवलेला स्वर मनानेंच भरून काढतो. म्हणजे ज्या गीतावर आपण तीसचाळीस वर्षें प्रेम केलें, त्याचा पाया आपण केवळ अनुमानानें जाणला होता. आज चांगल्या यंत्रावर तेंच गीत लावलें तर तो पाया प्रत्यक्ष कानीं पडतो, आणि ओळखीचें गीत नव्यानें भेटतें.

आपल्या नाशकाचेंच उदाहरण घ्या. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं आयुष्याच्या उत्तरकाळीं येथें वास्तव्य केलें, आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली येथेंच झाला. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. त्यांचें गाणें आज आपणांस मिळतें तें तबकड्यांमुळेंच. त्यांच्या भजनाची एखादी ध्वनिमुद्रिका लावा, आणि एकदां तरी गळ्याचा मोह आवरून त्यामागच्या तंबोऱ्याचा माग काढा. ज्यानें तो तंबोरा छेडला त्याचें नांव बहुधा तबकडीवर छापलेलें नसेल.

हें अनाम राहणें आपल्या कॅथोलिक बांधवांस विशेष परिचयाचें आहे. गोव्यांतील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची पद्धत पोर्तुगीज अमदानींत रुजली. त्या शाळांत तयार झालेले वादक पुढें पोटासाठीं मुंबईस आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा यांनीं वर्षानुवर्षें केली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस यांनीं प्यारेलाल यांस व्हायोलिन शिकविलें. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील प्रसिद्ध गीतांत शिष्यानें गुरूचें नांव गुंफलें, आणि तें सर्व देशाच्या तोंडीं झालें. पण गाणाऱ्यांपैकीं किती जणांस तें एका हयात गुरूचें नांव आहे हें ठाऊक होतें? १९५८ साली पाश्चात्य व हिंदुस्थानी संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभारणारे हे गृहस्थ २०१२ साली वारले. तबकडीच्या वेष्टनावर गायकाचें नांव, संगीतदिग्दर्शकाचें नांव, नटनटींचीं चित्रें. साथीदारांचा उल्लेख क्वचितच. जेमरसनचीहि हीच स्थिति होती. त्या कंपनीनें १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर त्याचें नांव छापलें. तोंवर त्यानें शेंकडों गीतांस पाया घातला होता.

संत पौलानें शरीराच्या अवयवांची उपमा देऊन करिंथकरांस हेंच समजाविलें आहे कीं जो अवयव दुबळा व कमी मानाचा दिसतो, त्यावांचून शरीराचें चालत नाहीं. आपल्या धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांकडे पाहा. महोत्सवाच्या फलकावर बिशपांचीं, धर्मगुरूंचीं, देणगीदारांचीं नांवें येतील व तीं योग्यच आहेत. परंतु पहाटे घंटा वाजविणारे, वेदीवरचीं वस्त्रें धुणाऱ्या, पावसांत चिखल तुडवीत येऊन पेटीचा भाता हलविणारे, यांचा खर्ज त्यांत मिसळलेला आहे. तो थांबला असता तर वरचें गाणें उभें राहिलें नसतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतों. ख्रिस्तसभेची आज्ञा काय आहे? संत पायस दहावे यांनीं १९०३ साली, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, म्हणजे २२ नोव्हेंबरला, पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें व त्यांत पियानो आणि ढोलझांजांसारखीं गोंगाटाचीं वाद्यें मंदिरांत मना केलीं. ज्या वडीलधाऱ्यांस शंका येते, त्यांच्या शंकेमागें ही जुनी व आदरणीय शिस्त आहे. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६३ साली ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान दिलें, ऑर्गनाचा मोठा गौरव केला आणि इतर वाद्यांसहि दार उघडलें. मात्र तीं पवित्र उपयोगास योग्य असावींत, मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभावींत, श्रद्धावंतांच्या उन्नतीस हातभार लावणारीं असावींत, आणि त्यांना अधिकाऱ्यांची संमति असावी, अशा अटी घातल्या. १९६७ सालच्या सूचनापत्रानें आणखी बजावलें कीं जीं वाद्यें लोकमतानें व वहिवाटीनें केवळ ऐहिक संगीतासच योग्य मानलीं जातात, तीं उपासनेंत आणूं नयेत.

तेव्हां प्रश्न वाद्याच्या जन्माचा नसून त्याच्या वर्तनाचा आहे, असें मला वाटतें. ढोलकी तमाशांतहि वाजते आणि आपल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती भजनांतहि वाजते; भजनांत ती आली म्हणून कोणाची भक्ति कमी झालेली नाहीं. बेस गिटार जर खर्जाप्रमाणें राहील, गायकांस आधार देईल व स्वतः मिरवणार नाहीं, तर ती वेदीजवळ परकी ठरणार नाहीं. ती जर आपल्याकडे लक्ष ओढूं लागली, तर वडिलांचें म्हणणें खरें ठरेल आणि मी स्वतः ती बंद करीन.

म्हणून बिशप महोदयांची संमति मिळाल्यावर एक वर्षाच्या कसोटीवर ही परवानगी द्यावी, असें मीं ठरविलें आहे. तिच्या अटी ऐका. आपल्या मंदिराच्या भिंती पक्क्या गिलाव्याच्या आहेत. अशा जागीं खोल सूर लवकर शोषला जात नाहीं, तो घोळत राहतो व शब्द अस्पष्ट करितो. म्हणून स्वर थोडे व सुटे वाजवावे. ध्वनिक्षेपक कोपऱ्यांत ठेवूं नये, कारण कोपऱ्यांत खर्ज फुगतो. बोटांनींच वाजवावें, तारा मऊ आवाजाच्या असाव्या. आवाज इतकाच ठेवावा कीं शेवटच्या बाकावरील आजीबाईंस गीताचा प्रत्येक शब्द कळावा. स्तोत्रगायनाच्या, लॅटिन गायनाच्या व पवित्र शांततेच्या वेळीं वाद्य खालीं ठेवावें. थांबावें केव्हां हें ज्यास कळलें त्यासच खर्ज कळला. आणि वडील मंडळींनींहि एक करावें: वर्षभर खुल्या कानानें ऐकावें, आणि वर्षाअखेर जें खरें वाटेल तें मला निर्भयपणें सांगावें.

शेवटीं सर्वांस एक काम देतों. घरोघरच्या जुन्या तबकड्या, कॅसेटी, विशेषतः आपल्या गायनवृंदाच्या जुन्या ध्वनिफिती, पुढील महिन्याभरांत धर्मगुरुनिवासांत आणून द्याव्या. तरुणांनीं त्यांच्या प्रति करून घ्याव्या, आणि वडिलांनीं शेजारीं बसून कोण गात होतें, कोण पेटीवर होतें, कोण साथीस होतें, हें आठवून सांगावें. तीं नांवें आपण लिहून ठेवूं. देवाच्या पुस्तकांत तीं लिहिलेलीं आहेतच. आपल्याहि वहींत असावींत, एवढेंच.

ज्यानें उंच व खोल असे दोन्ही सूर निर्माण केले, तो परमेश्वर आपणां सर्वांस आपापल्या स्वरांत एकमतानें त्याची स्तुति करण्याची कृपा देवो. आमेन.