जेवढे फुगले, तेवढेच दाबावे

ठोकून ठोकून पितळ कडक होते आणि मग ते तापवून मऊ करावे लागते, हे किनवटच्या बाजारातल्या भांडी घडवणाऱ्याला सांगावे लागत नाही. बंदुकीच्या काडतुसाचे पितळही याच नियमाने चालते.

बार उडाला की पितळी पुंगळी फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. परदेशांत अनेक नेमबाज ती साच्यात दाबून मापावर आणतात आणि पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत. ते काम खडकी, वरणगावसारख्या कारखान्यांचे. २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेच्या रायफलीचे काडतूस तर एकदाच वापरायचे. घोडा पडला की त्याची कडाच चेपते.

खरी कसोटी साचा किती खाली बसवावा, याची. कमी बसवला तर काडतूस बंदुकीत नीट बसत नाही. जास्त बसवला तर पुंगळीचा खांदा फार मागे जातो, दर बाराला पितळ ताणले जाते, बुडाजवळ पातळ होते आणि एक दिवस फाटते. तापलेला वायू मग नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. म्हणून जाणकार आधी आपल्याच बंदुकीतून उडालेली पुंगळी मोजतात आणि खांदा मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाइतकाच मागे सारतात.

आगीतून आलेल्याला पुन्हा मापात आणताना हात आवरता घ्यावा लागतो. माणसांच्या बाबतीतही हे माप आपण विसरू नये.