परदेशी जाण्याचा हिशोब
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी बँकेतला साधा कारकून. भाषणबाजी मला जमत नाही, आकडेमोड जमते. हल्ली भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडची चांगल्या परिस्थितीतली माणसे काउंटरवर येऊन एकच विचारतात, "साहेब, इथे कर भरत बसण्यापेक्षा सगळं विकून मुलाकडे दुबईला गेलो तर?"

आधी कराचे पाहू. दुबईत पगारावर आयकर नाही, हे खरे. पण आपल्या तुरीच्या आणि उसाच्या उत्पन्नावर तरी आयकर कुठे आहे? शिवाय माणूस गेला तरी इथले घरभाडे व ठेवीचे व्याज इथल्या करातून सुटत नाही. अनिवासी झाल्यावर बचत खाते एनआरओ करावे लागते आणि त्याच्या व्याजावर साधारणपणे ३० टक्के कर व वर उपकर आधीच कापला जातो. अमेरिकेत स्थायिक झालात तर जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर. इथे करमुक्त असलेले एनआरई ठेवीचे व्याजही त्यात आले.

आता खर्च. इथे स्वतःचा वाडा, घरचे धान्य. तिथे घरभाडे, नातवंडांची फी, दवाखान्याचा विमा, सारे दिरहममध्ये. दिरहम डॉलरला बांधलेला आहे. रुपया घसरला की इथून नेलेली पुंजी तेवढी आटते.

राहिली सुरक्षितता. रझाकारांच्या काळात आपल्यापैकी अनेकांचे आजोबा जीव मुठीत धरून सोलापूरकडे गेले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि ते परतले, कारण शेत इथे होते. १९९० साली इराकने कुवेत घेतले, तेव्हा लाखाच्या वर भारतीयांना विमानाने आणावे लागले. वर्षानुवर्षांची कमाई मागे टाकून आलेले त्यात पुष्कळ होते. त्यांनाही परतायला गाव होते, म्हणून निभावले.

नोकरीसाठी, शिक्षणासाठी मुलांनी जरूर जावे. माझा विरोध मुळे उपटून जाण्याला आहे. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. एकट्या २०२२ साली २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले. परका पासपोर्ट घेतला की मतदान गेले आणि शेतजमीन विकत घेण्याचा हक्कही गेला. ओसीआय कार्डाने यातले काहीच परत मिळत नाही.

गेल्या महिन्यात एक आजी आल्या. मुलगा परदेशी, वीस एकर विकलेली. खात्यावर भरपूर पैसे. पासबुक भरून दिले तेव्हा म्हणाल्या, "लेकरा, आकडा मोठा हाय, पर दवाखान्यात न्यायला कोन हाय रे?" माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

आपल्या सीमाभागात मराठी शाळा चालते ती पटावर, आणि आपले म्हणणे ऐकले जाते ते मतांवर. ऐपतदार घरेच उठून गेली तर मास्तर मागायला कोण जाणार? तेव्हा विनंती एवढीच : घर विकण्याआधी एकदा वहीत दोन्ही बाजू मांडा. कर वाचला तो जमेला लिहाल, तेव्हा आई आणि गाव खर्ची पडले, हेही लिहा.