‘इट इज मी’

दारावर थाप पडली आणि आंतून ‘कोण?’ असा प्रश्न आला, कीं आपण ‘मी’ म्हणून मोकळे होतों. लंडनमधला माणूसही अशा प्रसंगीं ‘इट इज मी’ म्हणतो. त्याचा ‘मी’ कानाला आपल्यासारखाच लागतो खरा. पण आपला ‘मी’ कर्त्याचें रूप, त्याचा कर्माचें. म्हणून तिकडचे पंतोजी त्याला अडवीत आले आहेत. ‘इट इज आय’ म्हणा, तेंच शुद्ध!

शुद्ध कोणीं ठरविलें? या नियमाच्या पुरस्कर्त्यांत रॉबर्ट लाउथ यांचें नांव ठळक आहे. पुढें लंडनचे बिशप झालेल्या या विद्वानांनीं १७६२ सालीं एक लहानसें इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केलें. ‘असणें’ या अर्थाच्या क्रियापदानंतर सर्वनाम प्रथमेंतच हवें, असें त्यांत सांगितलें आहे. लॅटिनमध्यें तसेंच आहे, आणि त्या काळीं लॅटिन येणें म्हणजेच शिकलेलें असणें.

त्याच दशकांत जोसेफ प्रीस्टले यांनीं उलट कौल दिला. ऑक्सिजन वायूच्या शोधामुळें पुढें प्रसिद्धीस आले तेच हे गृहस्थ. नित्याच्या बोलण्याची आणि चांगल्या लेखकांची रीत पाहिली तर नियम उलटाच करावा लागेल, असा त्यांचा रोख होता. मला त्यांचीच बाजू बळकट वाटते. फ्रेंच ही तर लॅटिनची साक्षात् कन्या. पण तिच्यांतही अशा जागीं कर्त्याचें रूप चालत नाहीं, ‘से म्वा’ असेंच म्हणतात. लेकीनें जें टाकून दिलें तें शेजारणीच्या गळ्यांत बांधण्याचा आग्रह कशाला? शिवाय इंग्रजीची जुनी रीत निराळीच होती. चौदाव्या शतकांत, चॉसरच्या काळीं, ‘इट ॲम आय’ म्हणत. म्हणजे आपण ‘तो मीच आहें’ म्हणतों तसें!

आतां ‘यू’ पाहा. पूर्वीं ‘यी’ हें कर्त्याचें रूप होतें व ‘यू’ हें कर्माचें. १६११ च्या बायबलाच्या भाषांतरांत हा भेद पाळलेला दिसतो. आज ‘इट इज मी’ ऐकून कपाळाला आठ्या घालणारे गृहस्थ स्वतः ‘यू आर’ म्हणतात, तेव्हां कर्मालाच कर्त्याच्या पाटावर बसवितात. ती चूक इतकी मुरली आहे कीं आतां तिला चूक म्हणणाराच वेडा ठरेल.

म्हणून वाटेल तें बोलावें असें मात्र नव्हे. ‘बिट्वीन यू अँड आय’ हा प्रयोग मला खटकतो; तेथें ‘मी’च हवा. पुष्कळांच्या मतें हें शुद्धीकरणाचेंच फळ आहे. मूल ‘मी अँड टॉम’ गेलों म्हणालें कीं त्याला टोकतात. ‘मी’ म्हटल्यावर दटावणी झाली, एवढेंच तें ध्यानांत ठेवतें, आणि पुढें नको तेथेंही ‘आय’ घालतें. हें पटण्यासारखें आहे, पण पुरतें नाहीं. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकांत अँटोनिओच्या पत्रामध्यें हाच प्रयोग आहे, आणि तें नाटक लाउथ यांच्या दीडशेंहून अधिक वर्षें आधीचें! तेव्हां ‘अँड’नें दोन शब्द जोडले, कीं विभक्तीवरची पकडच ढिली होते, असें मानावें लागतें. ‘फॉर आय’ असें सहसा कोणी म्हणत नाहीं. ‘फॉर यू अँड आय’ मात्र सहज म्हणून जातो.

हा भेद मुलांना अवश्य शिकवावा. जोडलेला शब्द वगळून वाक्य म्हणून पाहण्यास सांगावें. कान बहुधा योग्य रूप देतो. पण जें मूल आईच्या तोंडून ‘मी अँड टॉम’ शिकलें, त्याला भर वर्गांत हंसणें म्हणजे त्याच्या आईला हंसणें होय, आणि असें मूल पुढें वर्गांत तोंडच उघडीत नाहीं. आपल्याकडेही मुलाखतीला आलेला उमेदवार ‘मायसेल्फ अमुक’ असें नांव सांगतो, तेव्हां मेजापलीकडच्या मंडळींत नेत्रपल्लवी होते. तेथें ‘आय ॲम’ हवें, हें मुलाखत संपल्यावर त्याला हळूच सांगतां येईल. तोंवर त्याला काम काय येतें तें विचारावें.